टीव्हीवरचा माणूस निरोप घेतो तेव्हा

“टीव्हीवरच्या माणसासाठी रडू येणं नॉर्मल आहे का?” हा प्रश्न माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या अनेकांनी विचारलाय, बहुतेकांनी खाली मान घालून. 2015च्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीतल्या एका मराठी गृहस्थांनी विचारला तो प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून त्यांचे तपशील बदलले आहेत.

जॉन स्ट्युअर्ट ‘द डेली शो’ हा बातम्यांची खिल्ली उडवणारा अमेरिकन टीव्ही कार्यक्रम सोडून गेला होता. जानेवारी 1999 पासून सोमवार ते गुरुवार, रात्री अकराला, हा माणूस दिवसभराच्या राजकारणाची सालं काढायचा. हे गृहस्थ त्याच सुमारास अमेरिकेत आले. सिनेट म्हणजे काय, फिलिबस्टर (भाषणं लांबवत विधेयक अडवून धरणं) कशाला म्हणतात, हे सगळं ते त्याच्याकडून शिकले. पण नातं जुळलं ते 20 सप्टेंबर 2001 ला. न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतरचा तो पहिला कार्यक्रम. स्ट्युअर्टचा आवाज भरून आला होता. घरातून पूर्वी वर्ल्ड ट्रेड सेंटर दिसायचं, आता स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो, असं तो म्हणाला. “त्या दिवसांत ट्रेनमध्ये लोक आमच्याकडे संशयाने बघायचे, मॅडम. याच्या बोलण्यात मात्र कुणाबद्दल द्वेष नव्हता. मला वाटलं, इथे राहता येईल.”

बायको म्हणत होती, “अहो, माणूस धडधाकट आहे, नोकरी सोडलीय फक्त. घरात सुतक असल्यासारखे काय बसलात?”

प्रेक्षकाला पडद्यावरच्या माणसाशी खरी जवळीक वाटते, हे डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या संशोधकांनी 1956 मध्येच मांडलं होतं. ओळख एकतर्फी असली तरी सवय, विश्वास, ओढ ही खरीच असते. ती तुटली की दुखतं. फक्त या दुःखाला भेटायला कुणी येत नाही, म्हणून माणूस ते लपवतो आणि वर स्वतःलाच वेड्यात काढतो.

यामागे आणखी एखादं दुःख दडलंय का, हेही मी विचारलं. कधी कधी असतं. इथे नव्हतं, आणि ओढूनताणून शोधणं मला पटत नाही. त्यांना जॉन स्ट्युअर्टचीच आठवण येत होती.

झोप मात्र उडाली होती, आणि त्याचं कारण बोलता बोलता सापडलं. शेवटचा भाग 6 ऑगस्टला झाला. नेमक्या त्याच संध्याकाळी क्लीव्हलंडमध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी इच्छुक रिपब्लिकन उमेदवारांचा पहिला वादविवाद होता. ट्रम्प यांची उमेदवारी जाहीर होऊन दोन महिनेही झाले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यावर बोलायला स्ट्युअर्ट नव्हता. इतकी वर्षं बातम्यांचा संताप अकरा वाजता हसण्यात निघून जायचा. आता गृहस्थ अंथरुणात फोनवर बातम्या वाचत आणि तो संताप घेऊनच झोपायला बघत.

नवा सूत्रसंचालक ट्रेव्हर नोआ 28 सप्टेंबरला येणार होता. “त्याला बघू का?” मी म्हटलं, वाटलं तर बघा, घाई नको. रिकामी जागा लगेच भरायच्या मी विरुद्ध आहे. त्याआधी दोन गोष्टी करायला सांगितल्या: बातम्या रात्री नऊच्या आत संपवायच्या, आणि जे खटकलं ते घरात कुणाशी तरी मोठ्याने बोलायचं.

शेवटचा भाग त्यांनी रेकॉर्ड करून ठेवला होता, पण लावायचा धीर होत नव्हता. दोन आठवड्यांनी बायकोला शेजारी बसवून लावला. त्यात कधीकाळी याच कार्यक्रमात असलेला स्टीफन कोल्बेर सगळ्या सहकाऱ्यांच्या वतीने आभार मानू लागतो, स्ट्युअर्ट अवघडून टाळायला बघतो, पण कोल्बेर त्याला सोडत नाही. तिथे हे गृहस्थ मनसोक्त रडले. “ती काही बोलली नाही, चहा टाकायला उठली,” त्यांनी मला सांगितलं. मला ते फार आवडलं.

झोप हळूहळू सुधारली. आठवडे उलटूनही झोप, जेवण, काम रुळावर येत नसेल, कशातच अर्थ वाटत नसेल, तर तो प्रश्न निरोपापुरता उरत नाही. तेव्हा मदत घ्यावी. यांच्यावर ती वेळ आली नाही. सप्टेंबरातला दुसरा वादविवाद नवरा-बायकोने एकत्र पाहिला आणि बायकोची मतं त्यांच्या मतांपेक्षा पार वेगळी निघाली. पुढच्या भेटीत ते तासभर त्याबद्दलच बोलत होते.