एकदा डायलिसिस केलं की ते कायमचं मागे लागतं का?

नाही. लोकांनी पाहिलेले डायलिसिसवाले बहुतेक वर्षानुवर्षांच्या किडनी विकाराचे असतात. त्यांचं डायलिसिस सुटत नाही ते आजारामुळे, मशीनमुळे नव्हे. तुमच्या वडिलांना डायलिसिस सांगितलंय, पण त्यांचं प्रकरण वेगळं आहे, त्यांचं मूत्रपिंड अचानक बिघडलंय. तुम्ही लिहिलंय त्यावरून, दोन दिवस जुलाब-उलट्या, बीपीची टेल्मिसार्टन चालूच, वर गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी, आणि आठवड्यात रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा कचरा) 1.1 वरून 5.2. मी तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. पावसाळ्यात असे पेशंट हमखास येतात.

अंगातलं पाणी घटलं की मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा कमी होतो. तेव्हा ते आत येणारी रक्तवाहिनी रुंद ठेवून आणि बाहेर जाणारी आवळून आतला दाब सांभाळतं. डायक्लोफिनॅक पहिली सोय बंद पाडतं, टेल्मिसार्टन दुसरी.

घोणस चावणं, लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप), मलेरिया, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग ही मूत्रपिंड असं अचानक बिघडण्याची आमच्याकडची नेहमीची इतर कारणं. वडिलांच्या वयात प्रोस्टेटनेही लघवी तुंबते, म्हणून सोनोग्राफी झाली का ते विचारा. तसं असेल तर नळी घातल्यावर बरंच काम होतं.

नुसता क्रिएटिनिनचा आकडा बघून सहसा डायलिसिस करत नाहीत. पोटॅशियम किती, चोवीस तासांत लघवी किती, फुप्फुसात पाणी साचलंय का, हे विचारा. पोटॅशियम फार चढलं तर हृदय बंद पडू शकतं. तिथे "दोन दिवस बघू" म्हणू नका. आणि भेटायला येणारे हटकून शहाळं आणतात, ते वडिलांना देऊ नका. त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

मूत्रपिंडातल्या नलिकांच्या पेशी पुन्हा तयार होतात, बहुधा एक ते तीन आठवड्यांत. आधी लघवी वाढते, क्रिएटिनिन मागाहून उतरतं. सगळ्यांचं पूर्ण भरून येतं असं नाही. मधुमेह किंवा किडनीची जुनी तक्रार असेल तर कमीच. म्हणून घरी आल्यावर सांगतील तेव्हा तपासण्या करा, आणि तीन महिन्यांनी क्रिएटिनिन व लघवीतलं प्रोटीन चुकवू नका. टेल्मिसार्टन पुन्हा कधी सुरू करायची ते डॉक्टरांना ठरवू द्या. गुडघ्याला काय चालेल तेही डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, म्हणजे मेडिकलवाल्याला दाखवता येईल.