उताऱ्याची साइट दरवेळी गुगलवरूनच उघडणं चुकीचं आहे का?

तुमचा प्रश्न असा: कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या शेताचा आरटीसी उतारा (तिथला सातबारा) काढायला दरवेळी गुगलमध्ये ‘सातबारा बेळगाव’ टाकता, मग कधी बरोबर पान येतं, कधी भलतंच. असं का होतं?

सवय वाईट नाही. २००७ साली याहू या शोधयंत्राच्या नोंदी तपासून झालेल्या एका अभ्यासात सुमारे ४० टक्क्यांपर्यंत शोध आधी पाहिलेलंच पुन्हा गाठण्यासाठी होते. अडचण एवढीच की गुगलचा क्रम स्थिर नसतो. काल पहिलं असलेलं पान आज चौथं असतं, वर ‘प्रायोजित’ लिहिलेली जाहिरात बसते आणि बोट सवयीने पहिल्यावरच पडतं. शिवाय ‘सातबारा’ टाकलं की महाराष्ट्राची जमीन नोंदींची साइट महाभूलेख पुढे येते. त्यात कर्नाटकातला आपला जिल्हा सापडणारच नाही. निपाणी, चिकोडीकडेही हेच.

म्हणून टाइप करायची सवय ठेवा, फक्त ती नेते कुठे ते बदला. भूमीचं, म्हणजे कर्नाटकच्या जमीन नोंदींच्या साइटचं, पान एकदा नीट उघडा. पत्ता पाहा: सुरुवातीचं ‘https://’ दिसत असेल तर ते सोडून पहिल्या तिरक्या रेघेच्या (/) आधीचा भाग ‘कर्नाटक डॉट जीओव्ही डॉट इन’ने संपायला हवा. नावात कुठेतरी कर्नाटक आणि शेवटी डॉट कॉम असेल तर ती सरकारी साइट नव्हे. पत्ता बरोबर असेल तर क्रोममध्ये तीन टिंबं, मग चांदणी. कॉम्प्युटरवर कंट्रोल आणि डी. बुकमार्कचं लांबलचक नाव खोडून ‘उतारा बेळगाव’ ठेवा, म्हणजे तुमच्या तोंडातला शब्द. पुढच्या वेळी पत्त्याच्या पट्टीत ‘उतारा’ लिहिलं की चांदणीवाली ओळ दिसेल, तिच्यावर दाबा. एंटर मारलात तर पुन्हा गुगलच उघडेल, इथेच बहुतेकांचं चुकतं.

चुकीचा पत्ता सारखा सुचत असेल तर कॉम्प्युटरवर बाणाने त्या ओळीवर जाऊन शिफ्ट-डिलीट दाबा.

बुकमार्क साइटच्या पहिल्या पानाचाच करा. लॉगिननंतरच्या आतल्या पानाचा केला तर सत्र संपल्यावर एरर येते. तालुका, होबळी (तालुक्यातला गावांचा गट), गाव, सर्व्हे नंबर, सुरनोक (सर्व्हे नंबरचा पोटभाग), हिस्सा हे पत्त्यात साठत नाही, दरवेळी निवडावंच लागतं. ते मोबाइलच्या नोंदवहीत लिहून ठेवा.

बातम्या किंवा बसचं वेळापत्रक खुशाल गुगलवरून उघडा. पण आधार, ओटीपी किंवा पैसे लागतात तिथे मी तरी शोधातून कधीच जायला सांगणार नाही.