गोष्ट रडवणारी, पण डोळे कोरडेच

प्रश्न (एक वाचक, सांगली): मागच्या आठवड्यात घरचे सगळे मिळून एक पिक्चर बघितला, आजारी मुलगी आणि तिचा बाप अशी गोष्ट. कथा चांगली, गाणी पण चांगली, पण बापाचं काम करणारा नट रडायला लागला की मला काहीच होईना, उलट आता आवर बाबा असं वाटायचं. बायको म्हणते तुमचं काळीज दगडाचं आहे. खरंच तसं आहे की अभिनय कच्चा असला की असं होतं?

उत्तर: तुमच्या काळजाला काही झालेलं नाहीये, वहिनींना सांगा माझ्यातर्फे. कॉमेडीत एखादा नट कमी पडला तर बाकीचे सांभाळून घेतात, थ्रिलरमध्ये पुढं काय होणार या उत्सुकतेवर आपण बसून राहतो, पण दुःखाच्या सिनेमात पुढं काय होणार ते बऱ्याचदा अर्ध्या तासातच कळलेलं असतं, मग बघायला उरतं काय तर त्या माणसाचा चेहरा आणि तोच खोटा वाटला की संपलंच सगळं.

कच्चा नट बहुतेक वेळा एकच चूक करतो, तो घाई करतो. डॉक्टर रिपोर्ट हातात घेतोय, अजून बोललाही नाही, आणि बापाचा चेहरा आधीच पडलेला! म्हणजे याने स्क्रिप्ट वाचलेली आहे हे आपल्याला दिसतं. खरा बाप असा नसतो हो, तो शेवटच्या मिनिटापर्यंत आशा धरून बसतो, औषधाच्या किमती विचारतो, पोरीसमोर काही झालंच नाही असं वागायची धडपड करतो. ती धडपड दिसली की आपण रडतो. नटाने आपल्या वाटचं सगळं रडून घेतलं तर आपल्याला काय शिल्लक राहणार?

२००४ चा 'श्वास' परत बघा. कोकणातून आजोबा नातवाला घेऊन शहरात येतात, पोराला डोळ्यांचा कॅन्सर, जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे जाणार. यापेक्षा रडवणारी गोष्ट कुठली असणार, आणि म्हणूनच ती बिघडायला सगळ्यात सोपी होती, दोन-चार ठिकाणी हंबरडा फोडला असता तर तो सिनेमा कुणाच्या लक्षातही राहिला नसता. आजोबांचं काम करणारे अरुण नलावडे तसं करत नाहीत. त्यांचे आजोबा गोंधळलेले असतात, दवाखान्याला बुजलेले, पोराला खरं कसं सांगायचं या विचाराने आतल्या आत चिरडलेले, आणि ऑपरेशनच्या आधी नातवाला गुपचूप बाहेर काढून शहर दाखवायला नेतात तेव्हा तर पोराला मजा यावी म्हणून झटत असतात. अश्विन चितळेला बालकलाकाराचं नॅशनल अवॉर्ड मिळालं ते पण बरोबरच, कारण तो पोरगा बिचारा दिसायचा प्रयत्न करत नाही, चिडतो, हट्ट करतो, पोरासारखा वागतो.

एक मात्र म्हणेन, सगळं नटाच्या डोक्यावर फोडू नका. ग्लिसरीन घालायला लावणारा, वरून व्हायोलिन लावणारा, तिसऱ्या टेकला ओके म्हणणारा दिग्दर्शकच असतो ना.

'गॉडफादर'च्या तिसऱ्या भागाचं (१९९०) बघा. मुलीच्या रोलसाठी घेतलेली विनोना रायडर ऐनवेळी बाहेर पडली आणि दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोलांनी आपल्याच मुलीला, सोफियाला, उभं केलं. अनुभव जवळपास नाही, समोर बापाच्या रोलमध्ये अल पचिनो, आणि टीकाकारांनी तिला अक्षरशः फाडून खाल्लं. तिचे संवाद खरंच सपाट येतात, बाप-मुलीचं नातं त्यामुळे मनात रुजत नाही आणि शेवटी पालेर्मोच्या ऑपेरा हाऊसच्या पायऱ्यांवर तिला गोळी लागते तेव्हा जेवढं तुटायला पाहिजे तेवढं आपण तुटत नाही. तरी तो सीन उभा राहतो, कारण पचिनो तोंड उघडून ओरडतोय आणि आवाजच येत नाही, किंकाळीचा आवाज आधी काढून टाकलाय, मग उशिरा येतो. मला मात्र त्या पोरीबद्दल वाईट वाटतं. निर्णय बापाचा आणि शिव्या तिला. पुढं तिनेच दिग्दर्शक म्हणून नाव काढलं, पटकथेचं ऑस्करही घेतलं.

प्रश्न (एक वाचक, नाशिक): मी राज्य नाट्य स्पर्धेत कामं करतो, बक्षिसं पण आहेत. पहिल्यांदाच शॉर्टफिल्म केली तर सगळे म्हणतात ओव्हर वाटतंय. इतक्या वर्षांचं शिकलेलं सोडून द्यायचं का?

उत्तर: अजिबात नाही! फक्त अंतर बदललंय. नाटकात तुमचं दुःख शेवटच्या रांगेतल्या आजींपर्यंत पोचवायचं असतं, क्लोजअपमध्ये प्रेक्षक तुमच्या नाकापासून वीतभर लांब बसलेला आहे, तिथे भुवई हलली तरी ऐकू येते. नुसतं 'कमी कर' म्हटल्याने मात्र नट निर्जीव होतो, ते करू नका. समोरचा काय बोलतोय ते खरंच ऐका, प्रत्येक टेकला पहिल्यांदा ऐकल्यासारखं, आणि कुठल्या वाक्यावर डोळ्यात पाणी आणायचं ते आधी ठरवू नका. आलं तर आलं. नाटकाची तालीम, पाठांतर, आवाजावरचा ताबा हे सगळं डबिंगला बसाल तेव्हा कामाला येतं.

प्रश्न (एक वाचक, दुबई): इराणी, कोरियन पिक्चरमधले सगळेच नट ग्रेट वाटतात, आपलेच का कच्चे वाटतात?

उत्तर: थोडं सबटायटलमुळे. आपल्याला ती भाषा येत नाही, त्यामुळे कुणी वाक्य पाठ केल्यासारखं म्हटलं तरी कळत नाही. मराठीत मात्र 'आई' ही एक हाक जरी खोटी मारली तरी आपल्याला लगेच ऐकू येतं. शिवाय तिकडचं आपल्यापर्यंत पोचतं ते निवडून गाजलेलं, इकडचं आपण सगळंच बघतो. आपल्याकडचाच 'कोर्ट' हा मराठी सिनेमा बघितला नसेल तर बघा, त्यात कितीतरी लोक आधी कधी कॅमेऱ्यासमोर न आलेले आहेत आणि त्यांच्या शेजारी गीतांजली कुलकर्णी सरकारी वकील म्हणून इतकी साधी बसलीये की ती नटी आहे हे विसरायला होतं.