वाचकांचे प्रश्न : साष्टी बेटावरील मिशनरी शाळा

प्रश्न : बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांच्या माथ्यावर जी पडकी इमारत उभी आहे, ती पूर्वी पाद्र्यांची शाळा होती असे आमच्याकडचे जुने लोक सांगतात. यात तथ्य आहे काय?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : तथ्य आहे. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहाने वसई आणि तिच्यासोबत साष्टी (वांद्रे, बोरिवली, ठाणे हा सारा भाग) व मुंबई ही बेटे पोर्तुगिजांच्या हवाली केली आणि पुढच्या दहाबारा वर्षांत फ्रान्सिस्कन पंथाचे साधू या भागात स्थिरावले. त्यांच्यापैकी आंतोनिओ दो पोर्तो या पाद्र्याने मंडपेश्वरचे शैव लेणे ताब्यात घेऊन तेथे चर्च केले आणि त्याच्या वरच्या बाजूस मठ व विद्यालय उभारले. राजाच्या देणगीवर चालणाऱ्या या विद्यालयात मुख्यतः पोरकी आणि नव्याने बाप्तिस्मा घेतलेली मुले राहत असत.

या शाळेबद्दल नुसते कौतुकाने लिहिणे मात्र योग्य होणार नाही. लेण्यातील एका भिंतीवरची मूर्ती तासून तेथे कोरलेला मोठा क्रॉस आजही पाहता येतो. इतर काही शिल्पे भिंत घालून झाकली गेली आणि त्यामुळेच, काहीशा विचित्र योगायोगाने, वाचली. शिवाय त्या काळात पोरकेपण ही केवळ दयेची बाब नव्हती, कारण आईवडील आणि आजीआजोबा नसलेल्या हिंदू मुलांना ख्रिस्ती संस्थांच्या ताब्यात द्यावे असा हुकूम पोर्तुगालच्या राजाने १५५९ मध्ये गोव्यासाठी काढला होता. मुलाला छप्पर, जेवण आणि अक्षरओळख मिळत होती, आणि त्याच वेळी त्याचे घराणे व दैवत सुटत होते. या दोन्ही गोष्टी एकाच छताखाली घडल्या आणि त्यांतली एक सांगून दुसरी गाळणारा इतिहास अर्धवट राहतो.

या शाळांचा हेतू चर्चची गरज भागवण्याचा होता. प्रार्थना, पोर्तुगीज वाचनलेखन, हुशार मुलांना थोडे लॅटिन आणि मिस्सेसाठी लागणारे गायन, असा साधारण अभ्यास असे. सतराव्या शतकात वांद्र्यास जेझुइट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचेही विद्यालय होते. १७३७ मध्ये ठाणे आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतल्यावर युरोपीय पाद्री निघून गेले, मठ ओस पडले आणि गावोगावच्या चर्चची जबाबदारी गोव्याच्या व स्थानिक धर्मगुरूंवर आली. थोडेफार शिक्षण टिकले ते त्यांच्यामुळे, पण त्यांच्याजवळ ना पैसा होता ना राजाश्रय. वांद्र्याच्या सेंट अँड्र्यूज चर्चची शाळा आपला आरंभ १७८० चा मानते, म्हणजे इंग्रजांनी साष्टी घेतल्यानंतर सहा वर्षांनीचा.

प्रश्न : फादर थॉमस स्टीफन्स साष्टीत राहत होते असे वाचले. म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’ आपल्या ठाण्याकडे लिहिले गेले का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. ती साष्टी गोव्यातली, मडगाव व रायतूरच्या बाजूची. ख्रिस्ताची कथा सांगणारे त्यांचे मराठी काव्य ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. दोन्ही प्रदेश पोर्तुगीज अमलाखाली होते आणि दोन्हीकडे जेझुइट होते, त्यामुळे हा घोटाळा वारंवार होतो.

प्रश्न : वांद्रे, कुर्ला, मरोळकडचे ईस्ट इंडियन (तेथले मूळचे कॅथलिक) लोक घरी मराठीचीच बोली बोलतात, पण त्यांच्या शाळा इंग्रजी. खाडीपलीकडे वसईत मात्र कॅथलिक मुले पिढ्यान्‌पिढ्या मराठी शाळेत शिकली. मिशनऱ्यांनीच असा भेद केला का?
– एक वाचक, वसई

उत्तर : आमच्या मते याचे श्रेय किंवा दोष मिशनऱ्यांना देण्याआधी नकाशा पाहावा. साष्टी हे मुंबईला खेटलेले बेट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दोन्ही बेटे जोडणारा शीवचा (सायनचा) बांध झाला, १८४५ मध्ये अवाबाई जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून माहीम आणि वांद्रे जोडले गेले आणि १८५३ मध्ये ठाण्याची आगगाडी बेटातून धावू लागली. भात आणि मासळीवर जगणाऱ्या गावांना कचेऱ्या, गोद्या आणि रेल्वे एकाएकी हाताशी आल्या, आणि तेथील दरवाजा इंग्रजीने उघडत होता.

याच सुमारास, १८५० च्या दशकात, बिशप हार्टमन यांच्या काळी जेझुइट मुंबईत परतले. या वेळचे पाद्री बहुतांशी जर्मन भाषक होते. त्यांनी १८६३ मध्ये वांद्र्याच्या सेंट पीटर्स चर्चजवळ मुलांसाठी अनाथाश्रम काढला. त्याचेच पुढे सेंट स्टॅनिस्लॉस हायस्कूल झाले. त्याच दशकात ख्रिस्ती जोगिणींनी (नन्सनी) मुलींच्या शिक्षणाची सोय केली, आणि १८६९ मध्ये मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेज निघाल्यावर हायस्कूलपुढची वाटही मोकळी झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वांद्र्याच्या एकाच हिल रोडवर सेंट अँड्र्यूज हे पोर्तुगीज पाद्रोआदोच्या (पोर्तुगालच्या राजाला चर्चवर मिळालेल्या हक्काच्या) अधिकारातले आणि सेंट पीटर्स हे थेट रोमच्या प्रोपागांडाच्या (पोपच्या धर्मप्रसार खात्याच्या) अधिकारातले, अशी दोन चर्चे होती. कोणत्या बिशपची आज्ञा पाळायची यावरून भाविकांत वर्षानुवर्षे वाद चालले. १८८६ मध्ये साष्टीतली पाद्रोआदोची चर्चे नव्या दमण धर्मप्रांताकडे गेली आणि १९२८ मध्ये ती मुंबईच्या आर्चबिशपांकडे आली, तेव्हा कुठे ही दुहेरी व्यवस्था मोडू लागली. या भांडणावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. गावकऱ्याच्या दृष्टीने मात्र मुलगा शिकून कारकून होतो की नाही, एवढेच महत्त्वाचे होते. १८८७ मध्ये या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले त्यामागेही नोकरीचेच कारण होते. गोव्याहून येणारे ख्रिस्ती उमेदवार वाढत होते आणि आपण ईस्ट इंडिया कंपनी सरकारची जुनी प्रजा आहोत हे सरकारदरबारी ठसवायचे होते.

वसईलाही आगगाडी लवकरच पोचली, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो रास्त आहे. परंतु तेथे केळी, पानवेली आणि भाजीपाल्याची बागायत पुढेही बराच काळ घर चालवत होती, जमीन हातात होती आणि शाळेकडून लगेच पगाराची अपेक्षा नव्हती. साष्टीत शेते कारखान्यांखाली व वसाहतींखाली गेली. बागायत टिकल्यामुळे खाडीपलीकडच्या धर्मगुरूंना मराठी शाळा चालवणे शक्य झाले, आणि १९५५ पासून ‘सुवार्ता’ मासिकाला वाचक मिळाले ते त्याच शाळांमुळे. त्या मासिकाचे संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. साष्टीच्या चर्चशाळांतून असा मराठी लेखकवर्ग तयार झाला नाही. तेथील बोली लग्नातल्या गाण्यांत आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडी राहिली. वहीत मात्र ती फारशी उतरली नाही.