ज्यूल व्हर्नमधला ‘व्हर्न’ म्हणजे काय?

प्रश्न असा आलाय की भा. रा. भागवतांच्या अनुवादांमुळे आपल्याला लहानपणापासून माहीत असलेल्या फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या आडनावाचा वसंताशी काही संबंध आहे का, कारण वसंतसंपाताला (मार्चमधे दिवस-रात्र सारखे होतात तो दिवस) इंग्रजीत ‘व्हर्नल’ इक्विनॉक्स म्हणतात. नाही हो, दोन्ही शब्द फक्त दिसायला सारखे. व्हर्नल आलाय लॅटिनमधल्या वसंतवाचक ‘वेर’वरून, आणि व्हर्न हे चक्क एक झाड आहे, इंग्रजीत आल्डर. आपल्या सह्याद्रीत नाही ते, पण हिमालयात त्याचा भाऊबंद आहे, नेपाळीत उतीस म्हणतात. ओढ्याकाठी, दलदलीत वाढतं आणि लाकूड कायम पाण्याखाली राहिलं तर फार काळ कुजत नाही, म्हणून व्हेनिसच्या इमारतींखाली जे खांब ठोकलेत त्यात हेही आहे.

आता गंमत बघा, या एकाच झाडाला फ्रान्समधे दोन शब्द. रोमन यायच्या आधीचे गॉल लोक ‘वेर्ना’ म्हणायचे (वेल्शमधे अजून ‘ग्वेर्न’ आहे), त्यावरून व्हर्न, व्हर्ने, लाव्हेर्न्य ही आडनावं आणि पिरेनीजमधलं व्हर्ने-ले-बँ हे गाव. दुसरा शब्द लॅटिन ‘अल्नुस’वरून आला, त्याचं झालं ‘ओन’, आणि या झाडांची राई म्हणजे ‘ओने’. पॅरिसजवळचं ओने-सू-ब्वा तेच. मला सगळ्यात आवडतं ते पुढचं, या ओनेला समोरून आर्टिकल ‘ल’ (इंग्रजीतल्या the सारखं) चिकटलं आणि लोने झालं, मग त्यालाही फ्रेंच ‘द’ (म्हणजे ‘-चा’) जोडून दलोने, म्हणजे ‘त्या राईकडचा’, आपल्या -करसारखंच की! पिंपळगावकर म्हणतो ना तसं. चित्रकार रोबेर दलोने यातलेच, आणि 14 जुलै 1789 ला जमावाने ज्याला मारलं तो पॅरिसमधल्या बॅस्टील तुरुंगाचा गव्हर्नर द लोनेही.

आणि हो, व्हर्न जिवंत असतानाच एक अफवा उठली होती की हा मुळात ओल्शेविच नावाचा पोलिश ज्यू, आणि पोलिशमधे ‘ओल्शा’ म्हणजे आल्डर, तर त्याने आडनावाचं सरळ फ्रेंच भाषांतर करून टाकलं. शब्दांचा हिशोब एकदम चोख बसतो म्हणून लोकांना पटलंही असेल, पण बाबा जन्मला 1828 साली फ्रान्समधल्याच नाँतमधे आणि वडलांचं आडनावही व्हर्नच होतं.