अमेरिकेत अपघाताच्या नुकसानभरपाईसाठी वकील केला तर खर्च किती येतो?

सुरुवातीला खिशातून बहुधा काहीच जात नाही. तिथे असे बहुतेक वकील टक्केवारीवर काम करतात: भरपाई मिळाली तर हिस्सा, नाही मिळाली तर फी शून्य. पहिली भेटही सहसा फुकट असते. हिस्सा साधारण एक तृतीयांश, आणि प्रकरण कोर्टात उभं राहिलं की बरेचदा 40 टक्क्यांपर्यंत. काही राज्यांत, विशेषतः वैद्यकीय हलगर्जीपणाच्या दाव्यांत, फीवर कायद्याने मर्यादा आहे.

पण खरी मेख फीत नसून खर्चात आहे. कोर्टाचं शुल्क, वैद्यकीय कागदपत्रांच्या प्रती, तज्ज्ञ डॉक्टरांची साक्ष, हे सगळं फीच्या वर. समजा 60,000 डॉलर मिळाले आणि खर्च 6,000 झाला. आधी फी कापली तर वकिलाचे 20,000, तुमच्या हाती 34,000. आधी खर्च वजा केला तर वकिलाचे 18,000, तुमचे 36,000. करारातल्या एका ओळीने 2,000 डॉलरचा फरक! ती ओळ सही करण्याआधी शोधाच. शिवाय दावा हरलात तर हा खर्च कोणाच्या डोक्यावर, हेही लेखी घ्या; ‘फी नाही’ म्हणजे ‘खर्च नाही’ असं नव्हे. हॉस्पिटलची थकबाकी किंवा आरोग्य विम्याने भरलेले पैसेही अनेकदा याच रकमेतून वळते होतात.

किरकोळ खरचटलं असेल आणि समोरच्याची विमा कंपनी बिल भरायला तयार असेल, तर मी तरी वकिलाच्या वाटेला जाणार नाही.