सहाशेचं मशीन राहू दे, आधी दोन हजारांचा हप्ता थांबवा

बेळगावच्या अनगोळहून एका ताईंचं पत्र आलंय. दोन मुलांच्या शाळेच्या कपड्यांची शिवण उसवते, चेन खराब होते, टेलरकडे महिन्याला शंभर-दीडशे जातात. ऑनलाइन सहाशे रुपयांना हातात धरून चालवायचं छोटं शिलाई मशीन मिळतंय, ते घ्यावं का? जमलं तर शेजारणींच्या साड्यांना फॉल-पिको करून चार पैसेही सुटतील, असं त्यांना वाटतं. शेवटी त्या सहज लिहितात: "गृहलक्ष्मीचे (कर्नाटक सरकार घरातल्या बाईला महिन्याला देतं ते) दोन हजार मी खर्च करत नाही. बँकेतल्या सरांनी मुलाच्या नावानं पॉलिसी काढून दिली, २० वर्षांनी दुप्पट होणार. पैसे जमा व्हायला उशीर झाला की हप्ता फायनान्सच्या पैशातून भरते."

ताई, मशीन घेऊ नका. ही स्टेपलरसारखी दिसणारी मशीनं एकाच दोऱ्यावर चालतात. खाली बॉबिन नसते, त्यामुळे पक्की टीप पडतच नाही, साखळी टाका पडतो. शेवटचा दोरा ओवून गाठ मारली नाही, तर टोक ओढताच अख्खी शिवण सुटत जाते. पडद्याची किंवा उशीच्या अभ्र्याची कड दुमडायला ठीक आहे. जीन्सच्या जाड शिवणीवर सुई टाके सोडते, चेन बदलणं त्यात होत नाही, वर पेन्सिल सेलचा खर्च. पिकोला झिगझॅग मारणारं मशीन लागतं, फॉलची एक बाजू तर हातानंच घालायची असते. तेव्हा ती कमाई डोक्यातून काढा. उसवलेली शिवण हातानं उलटा टाका घालून या मशीनपेक्षा पक्की बसते. चेनसाठी टेलरकडेच जा.

आता पॉलिसी. तुम्ही ते विचारलेलं नाही, पण मला ते वाचून राहवलं नाही.

वर्षाला २४,००० प्रमाणे २० वर्षांत तुम्ही ४ लाख ८० हजार भरणार. तुम्ही पाठवलेल्या कागदावर शेवटी मिळणारी रक्कम सुमारे ८ लाख आहे. ही दुप्पट नाही. व्याजाच्या भाषेत हे वर्षाला पावणेपाच टक्के होतात. आणि तो हप्ता भरायला तुम्ही मायक्रोफायनान्स कंपनीकडून २४ टक्क्यांनी ३०,००० उचललेत! दोन वर्षांच्या त्या कर्जावर व्याजच आठ हजारांच्या आसपास जाईल. सरकारी पैसे कधी वेळेवर येतात, कधी रखडतात. मासिक हप्त्याला मात्र १५ दिवसांचीच सवलत असते. ज्यांनी हे गळ्यात मारलं, त्यांना तुमच्या घरात पैसा कुठून येतो हे खातं बघून माहीत होतं. याचा मला राग येतो.

त्याहून मोठी चूक पुढे आहे. विमा उतरवलाय नऊ वर्षांच्या मुलाचा. घर चालतं ते उद्यमबागच्या फाउंड्रीत काम करणाऱ्या तुमच्या मालकांच्या पगारावर, आणि त्यांच्या नावावर विमा नाही. उद्या त्यांना काही झालं तर हप्ता कोण भरणार? त्यांचं वय ४१ आहे. बँकेत जाऊन त्यांच्या खात्यावर केंद्र सरकारच्या दोन विमा योजना सुरू करा: जीवन ज्योती, वर्षाला ४३६ रुपये, आणि सुरक्षा विमा, वर्षाला २० रुपये. पहिलीत मृत्यू कसाही झाला तरी दोन लाख (पहिले ३० दिवस फक्त अपघाती मृत्यू), दुसरीत अपघातानं झाल्यास आणखी दोन लाख. दोन्ही मिळून ४५६ रुपये! एवढ्यानं भागणार नाही, पुढे २५ लाखांचा साधा टर्म विमाही (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) काढायचाच आहे. पण हे दोन याच आठवड्यात करा.

पॉलिसी बंद करायची म्हणजे तोटा आहे, तो लपवत नाही. दोन वर्षांत ४८,००० भरलेत. इतक्या लवकर सोडली तर साधारण तीस टक्के, म्हणजे चौदा-साडेचौदा हजार हातात येतील. जीव तुटेल, मला कळतं. पण पुढचे दर महिन्याचे दोन हजार पीपीएफमध्ये (सरकारी भविष्य निर्वाह खात्यात) आजच्या ७.१ टक्क्यांनी गेले, तर १८ वर्षांत साडेआठ लाखांच्या आसपास होतात. म्हणजे तोटा सोसूनही तुम्ही पुढेच राहता. शिवाय पीपीएफमध्ये वर्षाला ५०० रुपये भरले तरी खातं चालू राहतं. एखादा महिना पैसे आले नाहीत तर उसने काढायची गरज नाही.

पण पीपीएफ नंतर. सरेंडरचे, म्हणजे पॉलिसी सोडल्यावर मिळणारे पैसे आणि पुढच्या काही महिन्यांचे गृहलक्ष्मीचे पैसे आधी फायनान्सच्या कर्जात घाला. मायक्रोफायनान्सचं कर्ज मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड घेता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. शाखेतल्या माणसानं खळखळ केली तर हे ऐकवा.

एक गोष्ट पत्रातून कळली नाही. फॉर्म इंग्रजी-कन्नडमध्ये होता आणि तुम्ही मराठीत सही केलीत. अशा वेळी प्रस्तावावर "मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगितला" अशी घोषणा असते. तिच्याखाली सही कोणाची आहे ते बघा. खरंच कोणी समजावलं नसेल, तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार, उत्तर मिळालं नाही तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर. दुप्पट होईल असं बँकेतल्या माणसानं कुठे लिहून दिलं असेल, मोबाइलवरच्या मेसेजमध्ये का असेना, तर तो पुसू नका.

बँकेत नव्हे, विमा कंपनीच्या शाखेत अर्ज देऊन सरेंडर आणि पेड-अप (हप्ते थांबवून कमी रकमेची पॉलिसी तशीच ठेवली तर) असे दोन्ही आकडे लेखी मागा. ते आले की कळवा, काय करायचं ते त्या आकड्यांवरून ठरवू. तोवर हप्त्यासाठी नवं कर्ज उचलू नका.